दहा रुपयांचा बल्ब आणि न दिलेलं अनुदान

गेल्या महिन्यात शेजारच्या काकू विजेचं बिल हातात घेऊन दारात उभ्या राहिल्या. बिल नेहमीपेक्षा चढं आलं होतं. "अहो, ते सरकारी बल्ब मिळतात का हो अजून? दहा रुपयेवाले, सबसिडीतले?" त्यांच्या देवघरात तसला एक बल्ब २०१६ पासून लटकलाय आणि अजून चालतोय. म्हणून सरकारच्या त्या 'उजाला' एलईडी बल्ब योजनेवर त्यांचा फार जीव.

मी म्हटलं, "काकू, तो दहा रुपयांचा नव्हता आणि त्यावर सबसिडीही नव्हती."

"म्हणजे? बाजारात तीनशेला मिळायचा. मग वरचे पैसे कोणी भरले?"

प्रश्न अगदी नेमका आहे. ही योजना अनुदानाची होती असंच बहुतेकांना वाटतं. एवढी स्वस्त वस्तू सरकारी मांडवातून मिळाली म्हणजे तिजोरीतून पैसे गेले असणार, असा आपला हिशेब असतो. इथे तसं झालं नाही. कसं झालं, ते काकूंना जिन्यात उभ्याउभ्या सांगता आलं नाही, म्हणून इथे नीट लिहितोय.

आधी वॅट आणि युनिट

बल्बवर लिहिलेला वॅटचा आकडा म्हणजे तो वीज किती वेगाने खातो ते. युनिट म्हणजे एकूण किती खाल्ली ते. १००० वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट. ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब साधारण साडेसोळा तासांत एक युनिट संपवतो. ९ वॅटचा एलईडी तेच युनिट १११ तास पुरवतो.

उजेड मात्र वॅटमध्ये मोजत नाहीत, तो मोजायचा ल्युमेनमध्ये. ६० वॅटचा पिवळा बल्ब जेमतेम ७०० ल्युमेन उजेड देतो आणि चांगला ९ वॅटचा एलईडी ९०० च्या आसपास. आपल्याकडे अजून "शंभराचा बल्ब द्या" असं म्हणायची सवय आहे, त्यामुळे हा घोळ होतो. खोक्यावर वॅट मोठ्या अक्षरात आणि ल्युमेन बारीक अक्षरात असतात. खरं तर उलट हवं.

पिवळा बल्ब म्हणजे उजेड देणारी शेगडी

जुन्या बल्बमध्ये एक बारीक तार असते. वीज गेली की ती इतकी तापते की उजळते. म्हणजे मूळ काम तापण्याचं, उजेड त्यातून ओघाने मिळणारा. घेतलेल्या विजेतला नव्वद टक्क्यांहून अधिक भाग उष्णतेत जातो. कोंबडीची पिल्लं उबदार राहावीत म्हणून खुराड्यात पिवळा बल्ब लावतात, एलईडी लावत नाहीत, ते याचमुळे. स्वयंपाकघरात उजेड हवा म्हणून रात्रभर चूल पेटती ठेवावी, तसा हा प्रकार.

एलईडीत तापणारी तार नसते. सेमीकंडक्टर पदार्थाचा एक इवलासा तुकडा असतो, म्हणजे चिप. त्यातून वीज गेली की तो थेट उजेड देतो. लाल आणि हिरवे एलईडी फार पूर्वीपासून होते, रेडिओवर आणि टेपरेकॉर्डरवर लुकलुकायचे. अडलं होतं ते निळ्यापाशी. निळा उजेड मिळाला की त्यावर पिवळट लेप देऊन पांढरा करता येतो. तो निळा एलईडी बनवणाऱ्या आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं. बंद पडलेला बल्ब उघडला की आत पिवळे ठिपके दिसतात ना, तो हाच लेप.

मांडवातली रांग

५ जानेवारी २०१५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते ही योजना देशभर सुरू झाली. आधी तिचं नाव लांबलचक इंग्रजी होतं, पुढे 'उजाला' असं सुटसुटीत झालं. राबवणारी संस्था ईईएसएल, म्हणजे एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेड. २००९ मध्ये एनटीपीसी, पॉवर ग्रिड, पीएफसी आणि आरईसी या वीज क्षेत्रातल्या चार सरकारी कंपन्यांनी मिळून ती उभी केली. आधीचा प्रयोग २०१४ मध्ये पुद्दुचेरीत झाला होता.

महाराष्ट्रात बल्ब वाटप सुरू झालं तेव्हाचं चित्र आठवतं. बिल भरणा केंद्राबाहेर मांडव, एक टेबल, मागे खोक्यांची उतरंड. शेवटचं वीजबिल आणि ओळखपत्र दाखवायचं. टेबलावर एका लाकडी फळीवर होल्डर बसवलेला असायचा. मुलगा प्रत्येक बल्ब त्यात लावून, पेटवून दाखवायचा आणि मगच हातात द्यायचा. रांगेतले आजोबा म्हणत होते, "जपून लाव रे, पिना वाकवशील." महावितरणच्या ग्राहकांना सुरुवातीला ७ वॅटचा बल्ब १०० रुपयांना होता. रोख नको असेल तर १० रुपये आत्ता, बाकीचे महिन्याला थोडे थोडे बिलातून. काकूंच्या डोक्यात बसलेले दहा रुपये ते हेच, पहिला हप्ता.

मग तीनशेचा बल्ब शंभराला कसा?

आमच्या सोसायटीत दरवर्षी उन्हाळ्यात वर्षभराचा तांदूळ भरतात. एकटा माणूस दुकानात गेला तर दुकानदार सांगेल तो भाव. पण चाळीस घरांनी मिळून टेम्पो मागवला की शेतकरी वेगळा भाव लावतो. त्याला दलाल नको, दुकानाचं भाडं नको, जाहिरात नको आणि माल पडून राहण्याची धास्ती नको. चाळीस घरांना कोणी दान दिलेलं नसतं. मधली गळती थांबलेली असते.

ईईएसएलने हेच कोट्यवधी बल्बांसाठी केलं. कंपन्यांकडून निविदा मागवल्या आणि सांगितलं, एवढे बल्ब घेणार, दर्जा असा हवा, तीन वर्षांत बिघडला तर बदलून द्यायचा. सगळ्यात कमी भाव कोण देतो, बोला. २०१४ च्या सुरुवातीला एका बल्बचा खरेदीभाव ३१० रुपये होता. २०१५ च्या मध्यापर्यंत तो ७३ च्या घरात आला. मार्च २०१६ मध्ये ९ वॅटच्या बल्बला ५४ रुपये ९० पैसे भाव मिळाला आणि त्यानंतर तो ३८ रुपयांपर्यंत उतरला. तीन वर्षांत आठवा हिस्सा! सरकारने वरचे पैसे भरायचा प्रश्नच उरला नाही. पुढे ग्राहकाकडून घेतलेल्या ६५-७० रुपयांत बल्बाची किंमत, वाहतूक, वाटप, व्याज, कर सगळं बसत होतं.

एवढी मागणी समोर दिसल्यावर कारखान्यांनीही हात मोकळा सोडला. सरकारच्या माहितीनुसार देशातलं एलईडी बल्बचं उत्पादन महिन्याला १ लाखावरून ४ कोटींवर गेलं. माल जितका जास्त, तितका एकेका नगावरचा खर्च कमी. हे चक्र एकदा फिरलं की दुकानातला भावही त्याच्यामागे खाली येतो. तसा तो आला.

मात्र सगळं श्रेय निविदेला द्यायला मी तयार नाही. त्याच काळात एलईडीच्या चिपचे भाव जगभर कोसळत होते. योजना नसती तरी बल्ब स्वस्त झालेच असते, फक्त उशिरा आणि बहुधा इतके नाहीत.

"मग आधी तीनशे घेऊन आम्हाला लुटत होते का?"

रागाने विचारला जाणारा प्रश्न. उत्तर अर्धं हो, अर्धं नाही. वस्तू नवी, खप कमी, सुटे भाग बाहेरून येणारे, दुकानदाराचं कमिशन चढं. खप कमी म्हणून भाव जास्त आणि भाव जास्त म्हणून खप कमी, अशी ती गाठ होती. ती सोडवायला एकाच वेळी पुष्कळ माल उचलणारं मोठं गिऱ्हाईक लागतं. ते काम कुणा एका दुकानाच्या आवाक्यातलं नव्हतं.

वाण्याची वही आणि विजेचं बिल

आता हप्त्याचं कोडं. शंभर रुपये एकदम काढायला लागले की गरीब घर पंधरा रुपयांचा पिवळा बल्बच घेतं, मग दर महिन्याला बिलात जास्त भरतं. हे वेडेपण नाही, हातात पैसे नसतात एवढंच. त्यावरचा उपाय आपल्या वाण्याला पिढ्यान् पिढ्या माहीत आहे: सामान आत्ता ने, वहीत मांडतो. उजालामध्ये विजेचं बिल हीच ती वही झाली.

गंमत अशी की हप्ता खिशातून जातच नव्हता. ६० वॅटचा बल्ब काढून ९ वॅटचा लावला की ५१ वॅट वाचतात. रोज पाच तास धरले तर महिन्याला साडेसात युनिटच्या वर. युनिटला पाचच रुपये धरा, महिन्याला ३८ रुपये वाचले. त्यातले दहा हप्त्यात गेले, उरलेले घरात. वाचलेल्या विजेनेच बल्बाचे पैसे फेडले. ईईएसएलसारख्या संस्थांचा धंदा चालतो तो असा. आधी स्वतः पैसे घालायचे आणि पुढे होणाऱ्या बचतीतून ते वसूल करायचे.

खरोखर दहा रुपयांत अख्खा बल्बही मिळाला, पण तो वेगळ्या योजनेत. मार्च २०२१ मध्ये बिहारमधल्या आरा इथून 'ग्राम उजाला' सुरू झाली. चालू स्थितीतला पिवळा बल्ब द्या, दहा रुपये द्या, एलईडी घ्या, घरटी जास्तीत जास्त पाच. पहिल्या घोषणेत वाराणसी आणि विजयवाड्यासोबत आपल्या नागपूरचंही नाव होतं. तिथे उरलेले पैसे कार्बन क्रेडिटमधून यायचे होते. कार्बन क्रेडिट म्हणजे 'एवढा धूर टाळला' याची तपासून दिलेली पावती. ज्यांना आपला धूर कमी करणं जमत नाही ते ती विकत घेतात. २००९ च्या 'बचत लॅम्प' योजनेत सीएफएल, म्हणजे वळणदार नळीचे दिवे, १५ रुपयांना देण्याचा बेत याच पावत्यांवर बेतलेला होता. पुढे जागतिक बाजारात या पावत्यांचा भाव घसरला आणि योजना अडखळली. उजाला त्यावर अवलंबून राहिली नाही, हे तिच्या यशाचं मोठं कारण.

वीज विकणारेच 'कमी वापरा' का म्हणतील?

हा आक्षेप मला सगळ्यात आवडतो, कारण वरवर बिनतोड वाटतो. उसाचा रस विकणारा 'अर्धाच ग्लास प्या' म्हणेल का?

महावितरणचं दुकान वेगळ्या प्रकारचं आहे. घरगुती ग्राहकाला पहिल्या १०० युनिटपर्यंत दर पुरवठ्याच्या खर्चाहून कमी असतो. तो तोटा मोठे ग्राहक आणि कारखाने यांच्या चढ्या दरातून भरून निघतो. म्हणजे छोट्या घरात जळालेलं प्रत्येक युनिट हे कंपनीच्या दृष्टीने फायद्याचं गिऱ्हाईक नसतं.

त्यात वेळेची भानगड. लग्नात पाचशे पानं उठतात म्हणून कोणी घरात पाचशे ताटं विकत घेऊन ठेवत नाही. त्या दिवसापुरती भाड्याने आणतो, तीही चढ्या भावाने. विजेची पंगत रोज संध्याकाळी बसते. दिवे, टीव्ही, पंखे सगळं एकदम. सूर्य मावळलेला, म्हणजे सौर वीज नाही. त्या चार-पाच तासांसाठी महागडी वीज बाहेरून घ्यावी लागते, नाहीतर भारनियमन. दिवा ही वस्तू नेमकी याच वेळेत लागते. त्यामुळे बल्बने वाचवलेलं युनिट इतर युनिटांपेक्षा मोलाचं. शिवाय वीज केंद्रातून घरापर्यंत येताना तारांत काही गळते. घरात एक युनिट वाचलं की केंद्रावर एकापेक्षा जास्त वाचतं.

महाराष्ट्राला ही कल्पना नवी नव्हती. २००५ मध्ये, भारनियमनाच्या त्या भयंकर वर्षांत, नाशिकमध्ये महावितरणने सीएफएलचा पथदर्शी प्रयोग करून पाहिला होता.

"सगळे बल्ब बदलले, बिल कुठे कमी झालं?"

काकूंचा मूळ मुद्दा हाच. त्यांच्या बिलावर बसलो तेव्हा तीन गोष्टी निघाल्या.

पहिली, २०१६ नंतर घरात मोठा फ्रिज आला आणि मुलाच्या खोलीत एसी. दीड टनाचा एसी तासाभरात साधारण एक युनिट घेतो. बल्बने महिनाभर जपून साठवलेली साडेसात युनिटं तो एका रात्रीत संपवतो. दुसरी, बिलात स्थिर आकार असतो, तो बल्ब बदलून हलत नाही. दरही या वर्षांत वाढले.

तिसरी गोष्ट काकूंना माहीतच नव्हती आणि ती सगळ्यात महत्त्वाची. आपल्याकडे घरगुती दर पायऱ्यांनी चढतो: १०० युनिटपर्यंत एक, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा, त्यापुढे चौथा. दुसऱ्या पायरीवरचा दर पहिलीच्या जवळपास दुप्पट असतो. आपण वाचवतो ती युनिटं खालून जात नाहीत, ढिगाच्या वरच्या टोकावरून जातात. म्हणजे सगळ्यात महाग असलेली आधी. महिन्याला १२५ युनिट वापरणाऱ्या घराने रोज पाच तास लागणारे चार पिवळे बल्ब बदलले तर ३० युनिट कमी होतात. त्यातली २५ दुसऱ्या पायरीवरची. शिवाय घरगुती बिलावर १६ टक्के वीज शुल्क लागतं, तेही त्या प्रमाणात उतरतं. म्हणून 'सरासरी दर गुणिले युनिट' हा हिशेब बचत कमी दाखवतो. बिलाच्या मागच्या बाजूला पायऱ्यांचा तक्ता छापलेला असतो. सहसा कोणी तिकडे बघत नाही.

आणि तुम्ही आधीच सीएफएल वापरत असाल तर फार आशा धरू नका. १४ वॅटच्या जागी ९ वॅट म्हणजे रोज पाच तासांना महिन्याला पाऊण युनिट. चालू सीएफएल काढून टाकायची घाई नको. तो गेला की एलईडी लावा. गेलेला सीएफएल मात्र कचऱ्याच्या डब्यात फोडू नका, आत पारा असतो.

सरकारी आकडा कितपत खरा?

२०२२ च्या सुरुवातीला सरकारने सांगितलं: ३६ कोटी ७८ लाख बल्ब वाटले, त्यातून वर्षाला ४,७७८ कोटी युनिट वाचतात आणि ऐन गर्दीच्या वेळेची मागणी ९,५६५ मेगावॅटने घटली. आपल्या कोयनेची क्षमता १,९६० मेगावॅट. म्हणजे जवळपास पाच कोयना. महाराष्ट्रात वाटलेले बल्ब दोन कोटींच्या वर.

आता आपण साधा भागाकार करू. ४,७७८ कोटी भागिले ३६.७८ कोटी, म्हणजे एका बल्बमागे वर्षाला १३० युनिट. हे यायचं तर प्रत्येक बल्बने ६० वॅटचा पिवळा बल्ब हटवलेला हवा आणि तो वर्षभर रोज सात तास जळायला हवा. तुमच्या घरात असे किती बल्ब आहेत? आमच्याकडे दोन. बाकीच्यांत एक न्हाणीघरात, एक माळ्यावर आणि दोन 'असू द्या' म्हणून कपाटात. बऱ्याच घरांनी एलईडी लावला तो सीएफएलच्या जागी. तेव्हा हा आकडा म्हणजे मीटरवर मोजलेली बचत नाही, गृहीतकांवर काढलेला अंदाज आहे, आणि माझ्या मते तो सढळ हाताने काढलाय. निम्मा धरला तरी अडीच कोयना उरतात, आणि एका बल्बच्या योजनेने तेवढं साधणं लहान नाही.

"सरकारी माल टिकतो कुठे?"

काकूंचा टिकला, आमच्या जिन्यातला दीड वर्षात गेला. तो मी उघडून पाहिला. पांढरी टोपी पिळली की निघते. आत अॅल्युमिनियमची गोल चकती, तिच्यावर पिवळे ठिपके आणि त्यातल्या एकाच्या मधोमध टाचणीच्या डोक्याएवढा काळा डाग. बाकी सगळे ठिपके धडधाकट, पण माळेतला एक मणी तुटला की माळ सुटते, तसं एका ठिपक्याने सगळ्यांना अंधारात घातलं. चकतीखाली घरच्या विजेला एलईडीजोगी करणारं छोटं सर्किट असतं, त्याला ड्रायव्हर म्हणतात. बल्ब मरतात ते असा ठिपका जळल्यामुळे, नाहीतर ड्रायव्हर गेल्यामुळे. खोक्यावरचे '२५,००० तास' हे एलईडीच्या ठिपक्यांचं आयुष्य असतं, ड्रायव्हरचं नव्हे.

दोघांचे दोन शत्रू, उष्णता आणि विजेचे झटके. आमचा जिन्यातला बल्ब बंद काचेच्या गोळ्यात होता, गरम हवा कोंडत होती. एलईडी कमी तापतो, पण त्याला ताप सोसत मात्र नाही. बंद झुंबरात किंवा चिमणीच्या तोंडाशी लावला की आयुष्य घटणारच. गावाकडे रात्री व्होल्टेज चढतं-उतरतं, तिथेही हेच.

आठवडी बाजारात आता एलईडी बल्ब दुरुस्त करणारे बसतात. तयार चकती बसवून वीस-तीस रुपयांत बल्ब पुन्हा पेटवून देतात. त्या चकतीवर वेगळा ड्रायव्हर नसतो, म्हणून दिवा थोडा थरथरतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिलं तर काळे पट्टे सरकताना दिसतात. माळ्यावर, गोठ्यात चालेल. मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर नको.

योजनेत तीन वर्षांची बदलून देण्याची हमी होती. अडचण अशी की वाटपाचा मांडव उठला की बदलायचा कुठे, हे लोकांना कळेना. माझा एक बल्ब बदलून घेण्यासाठी मी दोन खिडक्या फिरलो आणि तिसरीवर 'आता इथे होत नाही' ऐकून परत आलो. सत्तर रुपयांसाठी कोण चौथी खिडकी शोधणार? योजनेची सगळ्यात कच्ची बाजू मला हीच वाटते.

आज बल्ब घ्यायचा तर

मांडव आता गल्लोगल्ली दिसत नाहीत आणि त्यांची फारशी गरजही नाही. दुकानातच चांगला ९ वॅटचा बल्ब शंभराच्या आसपास मिळतो. उजालाने स्वतःचीच गरज संपवली म्हणा ना. 'सरकारी मोफत बल्ब, लिंक भरा' असे निरोप मोबाइलवर फिरतात, त्यांवर बोट ठेवू नका. खऱ्या योजनेत मांडवात जाऊन बिल आणि ओळखपत्र दाखवायचं होतं.

दुकानात दोन खुणा पाहा. बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणीखूण, म्हणजे सुरक्षेची चाचणी झालीय. आणि बीईईचे (ऊर्जा दक्षता ब्युरोचे) तारे, जे एलईडी बल्बवर जानेवारी २०१८ पासून सक्तीचे आहेत. जास्त तारे म्हणजे तेवढ्याच वॅटमध्ये जास्त ल्युमेन. हातगाडीवरच्या तीस रुपयांच्या बल्बवर यातलं काही नसतं.

आणि बदलायची सुरुवात कुठून? जो जास्त तास जळतो तिथून. न्हाणीघरातला दहा मिनिटांचा बल्ब बदलला तर महिन्याला पाव युनिट वाचेल. सोसायटीच्या जिन्यात रात्रभर जळणारा एक साठचा बल्ब बदलला तर अठरा युनिट. आमच्या जिन्यात असे चार होते आणि त्यांचं बिल देखभाल खर्चात गुपचूप जात होतं.

बल्ब झाला, आता वर बघा

काकूंच्या बिलावरून बल्बचं एवढं पुराण झालं, पण त्यांच्या घरात आता बल्ब हा खादाड राहिलेला नाही. एसी सोडला तर तो मान छताला टांगलेल्या पंख्यांचा. जुना पंखा ७५ वॅट घेतो. बीएलडीसी मोटरचा पंखा, म्हणजे ज्याच्या मोटरीत चुंबकं आणि इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं तो, ३० ते ३५ वॅटमध्ये तेवढाच वारा देतो. बल्ब पाच तास चालतो, पंखा उन्हाळ्यात पंधरा. ४० वॅट गुणिले पंधरा तास, महिन्याला १८ युनिट, एका पंख्यामागे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये ईईएसएलने याच वाटेने १ कोटी पंख्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर केला. तीच रीत: एकगठ्ठा निविदा, भाव खाली. बल्बसारखा आठवा हिस्सा होईल असं मला वाटत नाही. चिप स्वस्त होत गेली, पण पंख्यातलं तांबं, अॅल्युमिनियम आणि चुंबक निविदेला घाबरत नाहीत.

काकूंच्या घरी चार पंखे आहेत. त्यातला दिवाणखान्यातला लग्नातला, म्हणजे एकोणचाळीस वर्षांचा, आणि तो दिवसभर फिरतो. "तो नाही हं बदलायचा," त्या म्हणाल्या. "आमच्या ह्यांनी पहिल्या पगारातून घेतलाय." मग आम्ही त्यांच्या मुलाच्या खोलीतल्या पंख्यावर आलो.